समुद्राकडचं कुंड

२७ ऑक्टोबर, रविवार

आजपासून लिहायला घेतो आहे. वही शाळकरी आहे, चौकोनी घरांची, मुलं अक्षरं गिरवतात तसली. चिहारुच्या जुन्या खोक्यात सापडली. नगरपालिकेच्या पाणीखात्यात होतो तेव्हा अडतीस वर्षं रोज नोंदी लिहिल्या. कोणती झडप किती फिरवली, टाकीत पाणी किती. कधी खाडाखोड केली नाही. घरातल्या माणसाबद्दल असं लिहायची वेळ येईल असं मात्र वाटलं नव्हतं.

फुसाए विसरायला लागली आहे.

लिहिलं एकदाचं. लग्नाला त्रेपन्न वर्षं झाली, आणि बायकोबद्दलचं हे एक वाक्य लिहायला मला दोन पेले चहा लागला. पण आहे ते आहे. रोज सकाळी भाताचा वाडगा पुढ्यात ठेवते आणि मला विचारते, "अहो, आज वार कोणता?" रोज! कॅलेंडर तिच्या डोक्यावर टांगलेलं असतं. घरभर चिठ्ठ्या चिकटवल्या आहेत. कपाटाच्या खणावर 'मोजे', संडासाच्या दारावर 'संडास'. पन्नास वर्षं राहिलेल्या घरात संडास कुठे आहे ते बाईला लिहून ठेवावं लागतं, याहून वाईट ते काय? मी येता-जाता चिठ्ठ्या मोठ्याने वाचतो, तेवढाच तिला आधार.

गेल्या मंगळवारी तर ती घरातून निघूनच गेली. मी शोधत शोधत पार पुलापलीकडच्या बसथांब्यापर्यंत गेलो, तेव्हा कुठे सापडली. धावत आली, माझे दोन्ही हात धरले आणि रडायलाच लागली. "कुठे गेली होतीस?" म्हटलं, तर नुसती मान हलवते. मी इतक्या घाईत निघालो होतो की पायात घरातल्या सपाता तशाच.

आज चिहारु आली होती. आमची एकुलती एक. ओकायामाला असते, औषधांच्या दुकानात काम करते. जेवणानंतर मला डुलकी लागली असं त्या दोघींना वाटलं. कागदी दारापलीकडून सगळं ऐकू येत होतं.

"झेपत नाही आई तुला आता. कबूल कर एकदा."

"झेपतंय."

"कंबर बघ तुझी. आरशात चेहरा बघ. टेकडीवरच्या संस्थेत एक जागा रिकामी झाली आहे. महिनाभर धरून ठेवतो म्हणालेत. असा निरोप पुन्हा दोन वर्षांत यायचा नाही."

"मला दोन दिवस दे. इसोयाला जाऊन येतो आम्ही. तिथलं सगळं आठवतं, तू बघ. नीट पार पडलं तर हा विषय पुन्हा काढायचा नाही."

"आणि नाही पडलं तर?"

फुसाएने पेला खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "तर तू म्हणशील तसं."

मी उशीत तोंड खुपसून पडून राहिलो. म्हणजे मुलीलाही कळलं आहे तर! टेकडीवरची ती संस्था मला माहीत आहे. तिची पाण्याची जोडणी माझ्याच हाताखाली झाली. म्हाताऱ्यांना ठेवतात तिथे. आणि माझी फुसाए पोटच्या मुलीपुढे दोन दिवसांची भीक मागत होती.

ठरवलं. त्या दोन दिवसांत फुसाए कुठे चुकणार नाही. चुकलीच तर मी झाकीन. त्यासाठी ही वही.

३१ ऑक्टोबर, गुरुवार

इसोया ही तोमारीउरा गावातली समुद्रकाठची लाकडी सराई. लग्नानंतर आम्ही तिथे तीन दिवस राहिलो होतो. मे महिना होता. आज दुपारी ओसरीत ऊन खात बसलो आणि सगळी सराई पावलापावलाने फिरून आलो, मनातल्या मनात. जिना, मग लांब बोळ, बोळाच्या टोकाला आंघोळीची, गरम झऱ्याची दोन कुंडं. डाव्या हाताचं समुद्राकडचं, ते पुरुषांचं. उजव्या हाताचं डोंगराकडचं, ते बायकांचं. फुसाएला तिच्या कुंडातून नुसती वेळूची बेटं दिसायची. मधल्या लाकडी भिंतीवरून मी तिला समुद्र ओरडून सांगायचो. "आता होडी आली! आता घार बसली खांबावर!" आणि मग पाचवीच्या पुस्तकातली कविता म्हणायचो.

    समुद्रा, तू काल जे नेलेस
    ते आज मी मागत नाही;
    फक्त ओल्या वाळूवरती
    पाऊल माझे राहू दे.

आमची शाळा डोंगरात. वर्गात कोणीच समुद्र पाहिला नव्हता, मास्तरांनीसुद्धा. ते खिडकीशी उभे राहून म्हणायचे आणि बाहेर भाताची खाचरं असायची. तरी आम्हाला लाटांचा आवाज यायचा. आताच्या मुलांना समुद्र माहीत असतो, पण असा आवाज येत असेल का?

भिंतीपलीकडून फुसाए म्हणाली होती, "हळू म्हणा हो! इकडे दुसऱ्याही बायका आहेत. विचारतायत, कोणाचा नवरा आहे हा?"

तिला या ओळी अजून येतात का, ते तिथे बघायचं. परीक्षा म्हणून नाही. सहज.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

बॅग भरून झाली. फुसाएने माझ्या कोटाच्या खिशात एक कागद घातला आहे. वर मोठ्या अक्षरात आमचं नाव, पत्ता, चिहारुचा फोन नंबर. स्वतःच्या पिशवीत ठेवायचा तो माझ्या खिशात ठेवला! मी गुपचूप काढून तिच्या पिशवीत टाकला. हरवली तर उपयोगी पडेल.

९ नोव्हेंबर, शनिवार

गाडी एका डब्याची. पूर्वी चार असायचे आणि तरी उभं राहावं लागायचं. सात बोगदे, आणि सातव्यानंतर समुद्र. मी मोठ्याने मोजले. फुसाए माझी बाही धरून बसली होती, जणू मी खिडकीतून उडून जाणार आहे.

"भिऊ नकोस," मी म्हटलं. "मी आहे ना."

"हो," ती म्हणाली. "तुम्ही आहात."

तोमारीउराच्या स्टेशनात आता माणूस नसतो. तिकीट एका पेटीत टाकायचं. बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावरची निम्मी दारं फळ्या ठोकून बंद केलेली. खेळण्यांचं एक दुकान होतं तिथे नुसती मोकळी जागा आहे, आणि त्या जागेत कोणाची तरी मुळ्याचे चार वाफे. मी फुसाएला लाकडी बाहुली घेऊन दिली होती ती तिथलीच. ती म्हणाली, "आहे अजून. शिवणाच्या डब्यात." तिला आठवलं! मनातल्या मनात खूण केली.

इसोयाची मालकीण मित्सुयो, तेव्हाच्या मालकिणीची सून. साठीची, दणकट आवाजाची. आम्हाला दारात बघून ओरडलीच.

"त्रेपन्न वर्षांनी? काका, तोवर आमचं पाणी निवलं असतं म्हणजे?"

"निवलं का?" मी विचारलं.

"हात घालून बघा! सासूबाई म्हणायच्या, नवं जोडपं म्हातारं होऊन परत आलं म्हणजे समजायचं संसार टिकला."

"टिकला की," फुसाए म्हणाली. "रडतखडत."

दोघी हसल्या. मग चहा ओतता ओतता मालकीणबाईंनी नियम सांगितला. "एक तेवढं ध्यानात ठेवा हं. समुद्राकडचं कुंड आज पुरुषांचं, डोंगराकडचं बायकांचं. पहाटे पाचला आम्ही पडदे बदलतो. निळा पडदा पुरुषांचा, लाल बायकांचा. म्हणजे उद्या सकाळी काकूंना समुद्र. पूर्वी नव्हतं असं. मी म्हटलं, बायकांनी काय जन्मभर वेळूच बघायचे? सासूबाई गेल्यावर पहिलं काम ते केलं."

"म्हणजे मला समुद्र?" फुसाएने पुन्हा विचारलं. "कुंडात बसून?"

"गळ्यापर्यंत बसून!"

पुन्हा विचारलं, म्हणजे नीट कळलं नव्हतं. नोंद: पहाटे पाचला पडदे बदलतात. निळा पुरुष, लाल बाई. फुसाए विसरेल. सकाळी तिला आठवण करायची.

खोलीत मी सराईचा सुती किमोनो चढवला तर फुसाए धावतच आली आणि तिने माझा पट्टा सोडला. "अहो, उजवा पदर वर नाही घ्यायचा. असा मेलेल्या माणसाला घालतात!" सोडून पुन्हा बांधला. माझा नीटच होता. पण वाद घातला नाही. 

आंघोळ समुद्राकडच्या कुंडात केली. मालकीणबाई दारापर्यंत सोडायला आल्या, बाहेर थांबल्या, आणि दर थोड्या वेळाने "काका, ठीक ना?" म्हणून हाक मारत होत्या. आपुलकी म्हणायची ती ही. पाणी बेचाळीस अंश असेल. तोंडाला खारट, बोटाला गुळगुळीत. पाणीखात्याच्या माणसाला थर्मामीटर लागत नाही. भिंतीवरून मी हाक दिली, "होडी नाही आज! नुसता एक बगळा!" पलीकडून आवाज आला, "बरं, बगळा तर बगळा."

जेवायला खेकडा. हंगाम परवाच उघडला. खेकडा खाताना माणसं बोलत नाहीत, आम्हीही बोललो नाही, नुसती टरफलं फुटत होती. तिने माझ्या खेकड्याचा एक एक पाय कात्रीने कापून माझ्यापुढे ठेवला. तिला पहिल्यापासून खायच्यापेक्षा सोलायची हौस. मग खिडकीशी बसलो आणि मी कविता काढली. तीन ओळी म्हटल्या आणि तिथे मुद्दाम थांबलो.

तिने म्हटलं, "पाऊल माझे राहू दे."

येते तिला! सगळी येते. मग काय बिघडलं आहे? उगीच घाबरते ती पोरगी. फुसाए माझ्या खांद्याला डोकं टेकून म्हणाली, "अहो, असंच घरी चालू राहिलं ना, तर मला दुसरं काही नको." मी म्हटलं, "राहील. मी बघतो."

एक महत्त्वाचं लिहायचं राहिलं. मालकीणबाई सांगत होत्या, पहाटे पाचला पडदे बदलतात. निळा पुरुष, लाल बाई. फुसाए विसरेल. सकाळी तिला आठवण करायची.

१० नोव्हेंबर, रविवार, सकाळ

 जसं झालं तसं लिहिलं पाहिजे.

जाग आली तर उजाडलेलं. शेजारी फुसाएची गादी घडी घालून ठेवलेली. तिच्या उशीवर चिठ्ठी: "आंघोळीला गेले आहे. खोलीतच थांबा. अर्ध्या तासात येते." मोठ्याने वाचली. कुठल्या कुंडात ते लिहिलंच नव्हतं. आणि मी तिला आठवण केली नव्हती. 

निघालो. पाय आपोआप चालले. जिना, लांब बोळ, मग डाव्या हाताला, समुद्राकडे. त्रेपन्न वर्षांत एक पायरी चुकलो नाही. पडदा होता, वाकून आत गेलो. पडद्याचा रंग? ज्याला वाट पाठ आहे त्याने रंग कशाला बघायचा? कपडे कधी उतरवले ते आठवत नाही, सवयच ती. घडी घालून टोपलीत ठेवले एवढं खरं. डोक्यावर छोटा पंचा ठेवला आणि सरकतं दार लोटलं.

आत वाफ. वाफेत बायका.

मला पहिल्यांदा त्यांचीच कीव आली. मी वाकून नमस्कार केला आणि म्हटलं, "बायांनो, घाबरू नका, तुम्ही चुकून पुरुषांकडे आला आहात."

कोणीतरी किंचाळलं. एक तरुण आई लहान मुलीला पोटाशी धरून कोपऱ्यात सरकली. गावातल्या दोन म्हाताऱ्या होत्या, मासळी सुकवणाऱ्या असाव्यात, हात तसे होते. त्यांतली एक म्हणाली, "अगं बाई, पुढारी आले! आजोबा, समुद्र त्या बाजूला. इकडे नुसत्या आम्ही खारवलेल्या." दुसरी म्हणाली, "गप गं. बघतेस ना कसं आहे ते." आणि मला म्हणाली, अगदी हळू, "आजोबा, हलू नका हं, फरशी निसरडी आहे."

आणि कुंडाच्या काठाशी, समुद्राकडे तोंड करून, गळ्यापर्यंत बुडालेली एक पांढऱ्या केसांची बाई होती. मानेवर तीळ. ती वळली.

फुसाए. पुरुषांच्या कुंडात.

 जे व्हायला नको होतं तेच झालं होतं. पडदे बदलल्याचं ती विसरली, स्वतः आली ती आली, या बाकीच्या बायकांनाही हिनेच आणलं असणार. ती पाण्यातून उठली, धडपडत माझ्याकडे आली आणि आपला पंचा माझ्या कमरेला गुंडाळला. स्वतः सगळ्यांदेखत उघडी. इतकं तिचं भान सुटलं होतं. "चला," म्हणाली. "चला हो. काही नाही. चला."

मग बोळात ओल्या केसांनी ती त्या तरुण आईपुढे गुडघे टेकून बसली. कपाळ जमिनीला लावलं. माझ्या बायकोचं कपाळ. ती आईच रडायच्या बेतात. म्हणाली, "उठा हो आजी. मी उगीच ओरडले. आमच्या आजोबांचंही असंच झालं होतं शेवटी." तिच्या आजीचं म्हणायचं असेल तिला.

मालकीणबाई आल्या. फुसाएने त्यांचा हात धरला. "मुलीचा फोन आला तर..." एवढंच तिला बोलता आलं.

"कसला फोन?" मालकीणबाई म्हणाल्या. "वाफेत कोणाला काय दिसतं, काकू? इथे काही झालेलंच नाही. तुम्ही पुन्हा जाऊन बसा पाण्यात. समुद्र पुरता बघितला तरी का?"

"बघितला," फुसाए म्हणाली. "चांगला होता."

पुन्हा काही ती गेली नाही.

१० नोव्हेंबर, संध्याकाळ

परतीच्या गाडीत फुसाए तीन बोगदे माझी बाही धरून बसली. चौथ्यानंतर म्हणाली, "अहो, एक ऐकाल? चिहारु स्टेशनवर येणार आहे. सकाळचं काही बोलायचं नाही. सहल छान झाली, एवढंच म्हणायचं. म्हणाल ना?"

"म्हणेन," मी म्हटलं. लाजली असणार बिचारी.

पण मन खात होतं. अडतीस वर्षं खाडाखोड न केलेला माणूस मी. त्यातून अशा गोष्टी लपत नाहीत. ती तरुण आई कोणाला तरी सांगेल, फिरत फिरत ते चिहारुच्या कानावर जाईल, मग म्हातारी चुकली ती चुकली आणि वर खोटं बोलली असं होईल. मग तिला कोण वाचवणार?

स्टेशनात चिहारु उभी होती. "कशी झाली सहल?"

"छान," फुसाए म्हणाली. "खेकडा खाल्ला. यांना सगळं आठवत होतं. सातच्या सात बोगदे मोजले, बाहुलीचं दुकान कुठे होतं तेसुद्धा बरोबर दाखवलं."

"खरंच, बाबा?" चिहारु हसली. किती दिवसांनी हसली. "मग उद्या त्यांना फोन करून नको म्हणून सांगते. तू जिंकलीस, आई." आणि मग जवळ येऊन म्हणाली, "पण तुझे डोळे असे का सुजलेत? रडलीस का? आई, बघ माझ्याकडे. काय झालं?"

फुसाए पिशवीचा बंद पिळत उभी राहिली. मला तिचा तो चेहरा बघवेना. मी पुढे झालो.

"चूक माझी आहे," मी म्हटलं. "आईला दोष देऊ नकोस. बायकांच्या कुंडात मी गेलो. पडदा न बघता, कपडे काढून, पार आतपर्यंत. आई चुकली असं तुला कोणी सांगितलं तर ऐकू नकोस. सगळं मी केलं."

"अहो, पुरे," फुसाए म्हणाली.

"पुरे नाही. मला बोलू दे. एक बाई किंचाळली. लहान मुलगी होती. आईला त्यांच्यापुढे कपाळ टेकावं लागलं. माझ्यामुळे."

फुसाए स्टेशनच्या बाकावर बसली. चिहारुसाठी आणलेला सुक्या मासळीचा खोका मांडीवर तसाच. चिहारु तिच्यापुढे उकिडवी बसली, तिच्या गुडघ्यांवर हात ठेवून.

"आई, तू म्हणाली होतीस."

"हो. म्हणाले होते."

चिहारु माझ्याकडे बघून म्हणाली, "सांगितलंत ते बरं केलंत, बाबा." तिचा आवाज अगदी मऊ होता. मुलीचा राग गेला, हे मला तिथेच कळलं.

चिहारुच्या गाडीत त्या दोघी नुसत्या समोर बघत बसल्या. पण मला फार हलकं वाटत होतं. आयुष्यात मोठं असं काही माझ्या हातून झालं नाही. पाणी सोडलं, पाणी बंद केलं. आज मात्र एक चांगलं काम झालं. शाबास, कुराता त्सुनेओ.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

फुसाए दिवसभर झोपून आहे. उठवलं नाही. चिठ्ठ्या वाचून दाखवल्या.

२० नोव्हेंबर, बुधवार

फुसाए माझ्या कपड्यांवर नाव शिवते आहे. बनियन, मोजे, हातरुमाल, सगळ्यांवर पांढऱ्या फितीचा तुकडा आणि त्यावर 'कुराता त्सुनेओ'. घरात पुरुष एकच, कपडे कोणाचे हेही तिला आता लिहून ठेवावं लागतं. बसून बघत राहिलो. सुई टोचली तरी थांबत नाही. शिवणाच्या डब्यात ती लाकडी बाहुली होती. खरंच होती.

ही वही मी उशीखाली ठेवतो. आज ती उलटी ठेवलेली मिळाली. मीच ठेवली असेन.

संध्याकाळी तिने माझ्यासमोर चहा ठेवला आणि म्हणाली, "अहो, मी हल्ली फार विसरते, नाही का?"

 त्रेपन्न वर्षांत पहिल्यांदा तिने स्वतः कबूल केलं. मी म्हटलं, "थोडं. वय झालं."

"मला टेकडीवर जायची भीती वाटते," ती म्हणाली. "माझ्याआधी तुम्ही जाऊन बघून याल? कसं आहे ते. पाणी चांगलं आहे का, माणसं कशी आहेत. तुम्हाला पाण्यातलं कळतं."

"हात्तिच्या! एवढंच ना? बघून येतो की."

तिने तोंड फिरवलं आणि चहाचा पेला धुवायला गेली. पेला भरलेलाच होता.

१ डिसेंबर, रविवार

टेकडीवर येऊन आठवडा झाला. तपासणीचा अहवाल लिहितो.

पाणी: नळाचं, तापवलेलं. एकोणचाळीस अंश, चाळीसला कमी. खारट नाही, गुळगुळीत नाही. खुर्चीत बसवून खुर्चीसकट पाण्यात उतरवतात. मी म्हटलं, "माझी तपासणी आहे, मी चालत उतरतो." इथल्या उनोबाई म्हणाल्या, "साहेब, आधी खुर्चीची तपासणी करा की!" हुशार बाई. बसलो.

कुंड एकच. सकाळी निळा पडदा, दुपारी लाल. मी आता दर वेळी उभा राहून रंग बघतो, मोठ्याने म्हणतो, आणि मगच जातो. कोणी माझ्याकडे बोट दाखवू शकणार नाही.

खिडकी: डोंगराकडे. वेळूची बेटं.

दार: बाजूला आकड्यांची पाटी. आकडे दाबल्याशिवाय उघडत नाही. आकडे विचारले तर सांगत नाहीत.

ही जागा फुसाएसाठी नाही. दोन दिवस काढता यायचे नाहीत तिला. चिहारुला स्पष्ट सांगणार.

७ डिसेंबर, शनिवार

आज फुसाए आली. दुपारच्या बसने, एकटी. मी बॅग भरून, कोट घालून दाराशी बसलो होतो. ती म्हणाली, "कोट काढा हो, उकडेल," आणि माझ्या शेजारी बसली. सोललेलं पर्सिमनचं फळ आणलं होतं, डब्यात, काप करून.

मी तिला हळूच अहवाल सांगितला. "काळजी करू नकोस. मी ठाम सांगतो चिहारुला, ही जागा आईला नको. मग आपण दोघं घरी."

"बरं," ती म्हणाली.

"उद्या निघू?"

"अजून थोडं बघा. पावसात गळतं का, थंडीत कसं असतं. वरवरचं नको."

तेही खरं. तपासणी अर्धवट सोडायची नाही.

एक गोष्ट ध्यानात आली. आज तिने मला वार विचारला नाही. किती वेळ बसली होती, एकदाही नाही. चेहरा भरल्यासारखा दिसत होता. कंबर सरळ झाली आहे. झोप लागते का विचारलं, तर डब्याचं झाकण लावत म्हणाली, "लागते. लागते हो," आणि माफी मागितल्यासारखी माझ्याकडे बघत राहिली. म्हणजे सुधारते आहे. मी इथे आल्यापासून सुधारते आहे. असं का व्हावं? पहाटे एक विचार येतो, वेळू काळे दिसत असतात तेव्हा. तो मी या वहीत लिहिणार नाही.

निघताना ती दाराशी गेली. उनोबाईंनी पाठ आमच्याकडे करून आकडे दाबले. मी खिडकीकडे धावलो. तिथून वळणावरचा बसथांबा दिसतो. मला भीती, चुकीच्या बसमध्ये चढली म्हणजे? पहिली बस आली, ती स्टेशनाकडची. फुसाए चढली नाही. दुसरी आली, आमच्या गावची. चढली. बरोबर चढली. खिडकीशी बसली आणि टेकडीकडे बघत राहिली, बस वळेपर्यंत.

मी काचेशी उभं राहून कविता म्हटली. इथून समुद्र दिसत नाही, पण तेवढ्याने काही अडत नाही, आमच्या मास्तरांचं कुठे अडलं होतं? सगळी पाठ आहे.

    समुद्रा, तू काल जे नेलेस
    ते आज मी मागत नाही;
    फक्त ओल्या वाळूवरती

इथे मी मुद्दाम थांबलो आहे. पुढची ओळ फुसाएची. पुढच्या शनिवारी ती म्हणेल.